आमचा फोन एंगेज होता

तारेचा फोन बंद करायचा असं बायकोने ठरवलं आणि मग मला सांगितलं. (मी घरचा कर्ता आहे, म्हणून सांगतात तरी.)

"सोमवारी लाइनमन येतोय," ती म्हणाली. "फोन घेऊन जाईल. मला ते स्टूल हवंय."

हा फोन आतल्या खोलीत स्टुलावर असतो. मी पाण्याचे पंप दुरुस्त करायचो. दुकानाच्या पाटीवर याचाच नंबर होता. अर्ध्या शहराच्या नळांना या फोनमुळे पाणी आलं आहे. आता दुकान गेलं, पाटी गेली. फोनही गेला तर मी नुसता म्हातारा.

"फोन लागतो," मी म्हणालो.

"कशाला?"

"लागतो."

"सोमवारपर्यंत दाखवा कशाला ते. मग ठेवते."

बायको शब्दाची पक्की आहे. पंचाईत तिथेच होती.

शोधत शोधत माळ्यावर चढलो. लेक लग्न होऊन गेली, तिचा जुना व्हिडिओ गेम तिथेच पडला होता. डबा उलटा केला तर मागे फोनची तार बसेल असं भोक. कारखान्यात भोकं उगीच पाडत नाहीत. डबा काखेत मारला आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

दुरुस्तीवाल्याचं टक्कल चांगलं मुरलेलं आहे, पण डबा बघून तो पोरासारखा उड्या मारायला लागला.

"काका, यात मोडेम आहे! हा स्वतः फोन लावतो!"

"कोणाला?"

"मला. दुकानात एक मशीन ठेवलंय मी, असल्याच जुन्या गेमसाठी. तुमचा डबा फोन लावणार, माझं मशीन उचलणार आणि त्याला इंटरनेटवर सोडणार. मग जगात कुठेही बसलेल्या माणसाशी गाड्यांची शर्यत लावा. पण त्याला तारेचाच फोन लागतो. तो आता कोणाकडे असतो?"

"माझ्याकडे," मी म्हणालो. असं वाक्य बऱ्याच दिवसांत तोंडातून निघालं नव्हतं.

त्याने दुकानाचं कार्ड दिलं. मी खिशात टाकलं. पुढचं तो समजावून सांगायला लागला, मी हातानेच थांबवलं. मोटरमध्ये तार गुंडाळणाऱ्याला ती जोडायला कोणी शिकवू नये.

रविवारी फोनच्या जोडणीतून दुसरी तार काढली आणि भिंतीच्या कडेने खिळे मारत बाहेरच्या खोलीत टीव्हीपर्यंत आणली. काम देखणं झालं. डबा चालू केला. पडद्यावर त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं. इंग्रजी मला पाटीपुरतं येतं, आणि 'फोन' नि 'नंबर' हे दोन्ही पाटीवर होते. फोन नंबर विचारला, मी दिला.

डब्याने नंबर फिरवला. टूं, टूं, टूं. हा आवाज मला झोपेतही कळतो. एंगेज.

"अगं, फोन ठेव!" मी ओरडलो.

"कुठला?" आतून बायको.

"हातातला!"

"हातात तुमचा बनियन आहे!"

उठून पाहिलं. बनियनच होता. फोन जागेवर. परत येऊन पुन्हा लावला. एंगेज.

"मी वळलो की उचलतेस तू."

"आणि बोलू कोणाशी? त्यावर कोणाचा फोन येत नाही म्हणून तर देऊन टाकतेय."

तिला बाहेर आणून माझ्यासमोर खुर्चीत बसवलं. तरी एंगेज. म्हणजे शेजाऱ्याने आमची तार चोरून जोडली होती. जाऊन त्याचं दार वाजवलं. तो दुपारच्या झोपेतून उठून आला.

"माझ्या फोनवर किती वेळ बोलणार?" मी विचारलं.

त्याने मला पाणी दिलं आणि बायकोला हाक मारली. (माझ्या बायकोला.)

तिने मला घरी नेलं, खिशातून कार्ड काढून घेतलं आणि स्वतःच्या मोबाइलवरून दुरुस्तीवाल्याला गाठून स्पीकर लावला.

"काका, तुमचा कॉल आलाच नाही इकडे," तो म्हणाला. "नंबर कोणता टाकलात?"

"घरचा."

"कोणाच्या घरचा?"

"माझ्या. दुसऱ्याचा कशाला टाकू?"



"काका, डबा तुमच्याच घरून तुमच्याच घरी फोन लावतोय. लाइन अडवून तोच बसलाय. कार्डावरचा टाका. माझा."

बायको माझ्यासमोर हसली नाही. आत गेली, दार लावलं, मग हसली. शेजाऱ्याची झोप पुन्हा मोडली.

मी कार्डावरचा नंबर टाकला. पंपात वाळू गेल्यावर येते तशी घरघर झाली, चार किंकाळ्या आल्या आणि पडद्यावर गाड्या उभ्या राहिल्या. माझी गाडी सुटली ती थेट भिंतीला भिडली. तिथून हलेना.

"इकडे द्या," बायको म्हणाली.

या बाईने जन्मभर माझ्या स्कूटरवर मागे बसून "हळू, हळू" म्हटलं आहे. तिने ती गाडी अशी पळवली की मीच कोचाचा हात धरून बसलो. कुठल्या देशातला कोण माणूस, त्याला तिने खड्ड्यात घातलं. दुसऱ्याला कठड्यावरून खाली.

आता दाखवायचं काही उरलं नव्हतं. फोन लागत होता. हे लेकीच्या कानावर घालावं म्हणून आत गेलो आणि रिसीव्हर उचलला. कानात कर्कश आवाज आला. त्याहून कर्कश बाहेरून.

"काय केलंत?"

"लेकीला सांगत होतो. फोन लागतो म्हणून."

"शेवटचं वळण होतं! पहिली येत होते मी!"

डबा पुन्हा तिनेच जोडला. रात्रीच्या जेवणापर्यंत मला आतल्या खोलीत मज्जाव होता.

सोमवारी लाइनमन आला. मी दारातच ताठ उभा राहिलो.

"फोन राहणार आहे," मी सांगितलं.

"हो, राहणार आहे," टीव्हीसमोरून बायको म्हणाली. शब्दाची पक्की. "दादा, तार तशीच राहू द्या. ते स्टुलावरचं तेवढं घेऊन जा."

लाइनमन गोंधळला. "मग मावशी, बोलणार कशावर?"

"बोलायचंय कोणाला? हे मध्येच उचलतात."

तो फोन काखेत मारून गेला.

आमच्याकडे अजून तारेचा फोन आहे. हे मी कोणालाही ताठ मानेने सांगतो. त्यावर बोलता येत नाही, एवढंच.