टायरचा विचार चालू आहे

शोरूममधल्या केबिनच्या ट्रॅक्टरात बसून अवजारं आणि टायर निवडायला सुरुवात केली की निवड पुरी होऊन सही होईपर्यंत गिऱ्हाइकाला खाली उतरता येत नाही, आणि रंगनाथराव देवरे तेवीस दिवसांपूर्वी वर चढले होते.

त्यांच्या बायकोला, यमुनाबाईंना, नियमाबद्दल काही म्हणायचं नव्हतं. नियम तो नियम. पण रोज पहाटे उठून डाळिंबाला पाणी द्यायचं, दुपारी डबा घेऊन एसटीनं शोरूम गाठायचं, संध्याकाळी परत म्हशी. कंबर अशी धरली होती की एसटीत जागा मिळाली तरी बसवत नव्हतं. त्यात बागेवर तेल्या रोग दिसायला लागला होता. चार दिवसांत फवारणी झाली नाही, तर वर्षाचा बहार मातीत जाणार होता.

"झालं का?" डबा वर देत त्यांनी विचारलं.

"होतंय," रंगनाथराव म्हणाले. तब्येत सुधारली होती त्यांची, मेली. "रोटाव्हेटर नक्की होता. पण काल व्याही आले, म्हणाले आधी ट्रॉली घ्या. आणि टायर रुंद की अरुंद, त्यावर गावातल्या तात्यांचं मत यायचंय."

देवऱ्यांच्या घरात चार माणसांना विचारल्याशिवाय सुईसुद्धा आणत नाहीत. रंगनाथराव काच खाली करून रोज नव्या चार माणसांना विचारत होते. ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं म्हणतात. या माणसानं मन कुठं सांडलं होतं देव जाणे!

"अहो, मला विचारलंत का कधी?"

रंगनाथराव खरंच विचारात पडले. "तू घरातली. घरातल्यांना काय विचारायचं?"

यमुनाबाईंना रडूच यायचं बाकी होतं. त्या सरळ टेबलाशी गेल्या. विक्री बघणारे चोपडे नाकावरचा चष्मा न हलवता म्हणाले, "काकू, घरातला बदली माणूस बसवता येतो. अर्ज लागतो. मात्र बदली एकदाच."

अर्ज भरला. रंगनाथराव उतरले, पाय अवघडले होते, ते चाकाला धरून उभे राहिले. यमुनाबाई वर चढल्या. दार लागलं. बाहेरचा आवाज तुटला, गार हवा मानेवर आली. सीटनं कंबर अलगद उचलून धरली. तेवीस दिवसांत त्या पहिल्यांदा टेकून बसल्या होत्या. खरं तर लग्न झाल्यापासून.

चोपड्यांनी काच खाली करायला लावली आणि वही उघडली. "बोला."

"मागं ब्लोअर, आधी फवारणी. मग रोटाव्हेटर. ट्रॉली दिराची आहे, ती मागून आणू. दोन ओळींत चौदा फूट आहेत, पण झाडं पसरलीत. टायर अरुंद, खोल नक्षीचे. काळ्या मातीत घसरतात नाहीतर."

"झालं की!" रंगनाथराव म्हणाले. त्यांना बायकोचा अभिमान वाटला, तसा तो तोंडावर दिसलाही.

"इथं सही करा काकू, म्हणजे उतरता येईल."

यमुनाबाईंनी पेन हातात घेतलं. मग त्यांनी पाठ पुन्हा सीटला टेकवली.

"नाही केली तर?"

"तर निवड अपुरी धरतात."

"मग लिहा, टायरचा विचार चालू आहे."

"अगं पण फवारणी?" रंगनाथराव ओरडले.

यमुनाबाईंनी बोटभर फट ठेवून काच वर घेतली. "पाठीवरचा पंप गोठ्यात खुंटीला आहे. उन्हं चढायच्या आत उरका. थोरल्या म्हशीला आधी गोंजारायचं, मग धार काढायची, नाहीतर लाथ मारते. आणि डब्यात मेथी नको."

"कुणाला विचारू, पंपात औषध किती घालायचं ते?"

"मला विचारा," यमुनाबाई म्हणाल्या, "उद्या, डबा घेऊन याल तेव्हा." आणि काच पुरती वर केली.

रंगनाथरावांनी कालचा रिकामा डबा उचलला आणि ते एसटीच्या थांब्याकडे निघाले. चोपड्यांनी वहीतलं जुनं नाव खोडलं, नवीन लिहिलं आणि पुढच्या रकान्यात नोंद केली: दिवस पहिला.