न मुरगळलेला घोटा

क्रीडाविज्ञान आणि उपचार या विषयाच्या पदवीसाठी तिसऱ्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने दीडशे तास प्रत्यक्ष उपचार करणे बंधनकारक आहे. प्रत्यक्ष उपचार म्हणजे काय, हे नियमावलीच्या चौदाव्या पानावर स्पष्ट केले आहे: विद्यार्थ्याचा हात रुग्णाच्या दुखऱ्या भागावर असेल तेवढाच वेळ. हात उचलला की घड्याळ थांबते. रुग्णाशी बोलणे, त्याला चालून दाखवायला सांगणे आणि त्या चालण्याबद्दल विचार करणे यासाठी 'इतर' नावाचा रकाना आहे. तो भरावा लागतो, पण मोजला जात नाही.

अशाच एका विद्यार्थिनीची नेमणूक मुलींच्या एका व्हॉलीबॉल क्लबात झाली. क्लब म्हणजे पत्र्याच्या छताचा एक हॉल, बारा खेळाडू, शिट्टी गळ्यात घालून झोपत असावेत असे वाटणारे एक कोच आणि साहित्याच्या खोलीत गाद्यांमागे मांडलेले तपासणीचे टेबल. टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली नियमावलीची मागच्या वर्षीची आवृत्ती सरकवलेली होती.

पहिल्याच आठवड्यात दोन घोटे आणि एक बोट आले. तिने बर्फ लावला, पट्टी बांधली, मिनिटे लिहिली, रुग्णाची सही घेतली. सहा तास वीस मिनिटे झाली. मुलींनी तिचे नाव बर्फवाली ठेवले. सगळे सुरळीत चालले होते. मग तिच्या हातून एक चूक झाली. तिने बाहेर येऊन सराव पाहिला.

मुली जाळीजवळ उंच उडी मारत होत्या आणि गुडघा ताठ ठेवून एकाच पायावर उतरत होत्या.

"कोच, सरावाआधी मला बारा मिनिटं द्याल?"

"घे की. नाहीतरी तेवढा वेळ बुटांच्या नाड्या बांधण्यात जातो."

बारा मिनिटांत ती त्यांना एका पायावर तोल सांभाळायला आणि गुडघे वाकवून दोन्ही पायांवर हलके उतरायला शिकवू लागली. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस क्लबात दुखापती होणे बंद झाले. चौथ्या आठवड्याची नोंद शून्य तास, शून्य मिनिटे. पाचव्याचीही तीच. बर्फाच्या पेटीत मुली पाण्याच्या बाटल्या गार करू लागल्या. एकूण जमा नऊ तास.

नेमणुकांचे समन्वयक हे सज्जन गृहस्थ होते. समोरच्या माणसाकडे न पाहता त्याच्या अर्जाकडे पाहण्याची त्यांना सवय होती आणि त्यामुळे त्यांनी आजवर कुणालाही दुखावले नव्हते.

"तुमचं केंद्र मागे पडतंय," ते अर्जाला म्हणाले. "तुमच्या वर्गातला तो उंच मुलगा बघा. एकशे दहा तास झाले त्याचे. एकच गुडघा पहिल्या दिवसापासून चालवतोय."

"बरा होत नाहीये का?"

"सातत्य म्हणतात त्याला."

"सर, माझ्याकडे दुखापती होत नाहीत, कारण मी त्या होऊ देत नाही."

"मी तुमच्यावर आरोप करत नाही," समन्वयक समजुतीने म्हणाले. "तुमचा हेतू चांगलाच असेल. पण दीडशे भरले नाहीत तर तिसरं वर्ष पुन्हा करावं लागेल. हां, टाळलेल्या दुखापतींसाठी एक नमुना आहे. अजून कुणी मागितला नव्हता, एवढंच."

नमुन्यात प्रत्येक न झालेल्या दुखापतीची तारीख, वेळ, अवयव, बाजू आणि तीव्रता लिहायची होती. तिने लिहिले: कॅप्टन, मंगळवार, संध्याकाळी सहा दहा, डावा घोटा, न मुरगळलेला. तीव्रता लिहिली नाही म्हणून अर्ज परत आला. तिने 'सौम्य' लिहिले. सौम्य दुखापत आपोआप बरी होते, सबब उपचाराची मिनिटे मंजूर करता येत नाहीत, असा शेरा आला. तिने 'गंभीर' लिहिले. गंभीर दुखापतीला विद्यार्थ्याने हात लावू नये, ती डॉक्टरांकडे पाठवावी, असा शेरा आला.

कॅप्टन डॉक्टरांकडे गेली.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारले.

"काही नाही."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

डॉक्टरांनी घोटा चारही दिशांना फिरवला आणि तो उत्तम असल्याचे प्रमाणपत्र दिले. समन्वयकांनी ते फाईलला लावून शेवटचा शेरा मारला: अवयव सुस्थितीत असल्याने दुखापत झाल्याचे दिसत नाही, जी झालीच नाही ती टाळली कशी, याचा खुलासा करावा.

हा शेरा कॅप्टनने सगळ्या टीमसमोर मोठ्याने वाचला.

"बर्फवाली, मी पडते ना," ती म्हणाली. "मला छान पडता येतं. किती तास कमी आहेत?"

"एकशे एकेचाळीस."

"बाप रे! मग अजून चौघी तरी लागतील. ए, कोण कोण पडतंय?"

बारा हात वर झाले.

"कुणीही पडायचं नाही," बर्फवाली म्हणाली.

"हट्ट करू नकोस गं. मी तर म्हणतो, कुणी मुद्दाम पडायलाही नको," कोच म्हणाले. "तुझी बारा मिनिटं फक्त पंधरा दिवस बंद ठेवू. शैक्षणिक कारणास्तव. पुढचं आपोआप होईल."

दुसऱ्या दिवसापासून तिने बाराची पंधरा मिनिटे केली.

घरी आईने हे सगळे भाजी निवडता निवडता ऐकले आणि अडचण काय आहे हे तिला कळेना.

"मग आत्याला घे की. तिचा खांदा आखडलाय. वेणी घालायला हात वर जात नाही बिचारीचा."

"आत्या खेळाडू नाहीये गं."

"तिला विचारलंस का?"

आत्या अठ्ठावन्न वर्षांची होती आणि तिला कुठल्याही कचेरीची भीती वाटत नव्हती. ती स्वतःच समन्वयकांसमोर जाऊन बसली.

"आपला खेळाशी संबंध काय?" समन्वयकांनी विचारले.

"मी सामने बघते. एक सोडत नाही."

"बसून?"

"मग काय उभी राहून बघू?"

"रोज किती वेळ?"

"चार तास. रविवारी सहा."

समन्वयकांनी नियमावली उघडली. खेळाडू म्हणजे 'खेळाशी नियमित संबंध असलेली व्यक्ती' अशी व्याख्या होती. क्लबातल्या मुली दिवसाला दोनच तास देत होत्या. या हिशेबाने आत्या त्यांच्या दुप्पट खेळाडू ठरत होती. त्यांनी पहिल्यांदाच अर्जावरून नजर उचलली आणि तिच्याकडे आदराने पाहिले.

बर्फवालीने आत्याचा खांदा मोकळा केला आणि घरी करायच्या तीन व्यायामांचा कागद दिला. एकूण सहा मिनिटांचे व्यायाम, दिवसातून तीनदा. आत्याने ते अगदी दिवसातून तीनदाच केले. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती टेबलावर बसली, दोन्ही हात मागे नेऊन तिने वेणी घातली आणि वर रबरही लावले. जमा झाले फक्त पाच तास.

"तोंड का पाडलंस?" आत्याने विचारले. "तू सांगितलंस म्हणून केले ना मी! करायचे नव्हते का?"

"करायचेच होते गं आत्या. छान केलेस."

पण पायंडा पडला होता. विद्यापीठाने सूचना काढली की, सामने पाहणारे नागरिक यापुढे 'प्रेक्षक खेळाडू' या वर्गात उपचारांना पात्र राहतील. पहिल्याच दिवशी साहित्याच्या खोलीबाहेर चौदा जण हजर झाले. सात माना, चार कमरा, तीन खांदे. कुणाचेही दुखणे सामन्यात झालेले नव्हते, सगळ्यांचे सामन्याच्या वेळचे होते.

तिने हिशेब मांडला. एकशे छत्तीस तास उरले होते. चौदा जण आत्यासारखे बरे झाले तर प्रत्येकी पाच, म्हणजे सत्तर तास होतील आणि तिचे वर्ष जाईल. त्या संध्याकाळी ती कागद समोर घेऊन बराच वेळ बसली. व्यायाम थोडे अवघड लिहिता आले असते. बारीक अक्षरात लिहिता आले असते. लिहायचे राहूनही गेले असते. तिने प्रत्येक दुखण्याचे तीन-तीन सोपे व्यायाम, तीच सहा मिनिटे, मोठ्या अक्षरात, चित्रे काढून लिहिली आणि चौदा प्रती काढल्या. मग आईला सांगून टाकले की बहुतेक आणखी एक वर्ष लागेल.

दुसऱ्या भेटीला चौदाही दुखणी जशीच्या तशी परत आली.

"व्यायाम केलेत का, काका?"

"रोज ठरवतो ना."

"कागद आहे की हरवला?"

"हरवेल कसा? फ्रिजवर लावलाय! येता-जाता दिसतो."

"सहा मिनिटं लागतात हो फक्त."

"तेच तर. तेवढीच नेमकी मिळत नाहीत," काका म्हणाले आणि मान पुढे करून निवांत बसले. "तू दाब. तुझ्या हाताला गुण आहे."

तिने मानेवर हात ठेवला. घड्याळ सुरू झाले.

दर आठवड्याला ती तळमळीने समजावत राहिली, ते मनापासून माना डोलवत राहिले. डोलवताना त्या दुखत, तेवढीही मिनिटे भरत. पाचव्या आठवड्यात दीडशे तास पूर्ण झाले. ती थांबली नाही, कारण तेही थांबले नाहीत. अखेरचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी निघाला. उंच मुलाचा गुडघा मागे पडला. विद्यापीठाने तिला सातत्याचे प्रशस्तिपत्र दिले आणि क्लबाला समृद्ध अनुभव देणारे केंद्र म्हणून मान्यता. बाराही मुली अख्खा हंगाम एकही दिवस बाहेर न बसता खेळल्या. याची नोंद 'इतर' या रकान्यात आहे.

अहवालाच्या शेवटच्या पानावर आभार मानायचे असतात. इतरांनी प्राध्यापकांचे मानले. तिने लिहिले: ज्यांनी कागद फ्रिजवर लावला, त्या सर्वांमुळे माझे वर्ष वाचले.

त्यात तुम्हीही आलात. तुमचा कागद अजून तिथेच आहे. मध्यंतरी त्यावर गॅसवाल्याचा नंबरही लिहून झाला आहे. हे वाचायला लागल्यापासून तुमची मान खाली आहे आणि ती सहा मिनिटे आत्ता नुकतीच संपली. काळजी नसावी. पुढच्या तुकडीची नेमणूक सोमवारपासून आहे, त्या मुलांनाही दीडशे तास लागतील आणि त्यांची सगळी भिस्त तुमच्यावर आहे. येताना कागद आणायची गरज नाही. नवीन मिळेल.