टेलला पोचलं का?

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर बबनतात्या नवरानवरीकडे बघत नाहीत. पाहुणे, पुढारी, फेटेवाले सगळ्यांना ओलांडून ते थेट पंगतीच्या शेवटच्या पानावर जाऊन उभे राहतात. तिथे बसलेला माणूस कोण, कुठला, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. वाकून त्याला विचारतात, "पावणं, मठ्ठा पोचला का?" तो नाही म्हणाला, तर वाढप्याची खैर नाही.

तात्या आमच्या बोरी बुद्रुकचे. पाटकरी म्हणून रिटायर झाले. कालव्याचं पाणी चारीत सोडायचं आणि ज्याच्या त्याच्या रानाला पाळीनं द्यायचं, ही त्यांची नोकरी. चारीच्या तोंडाशी ज्याचं रान तो हेडवाला, शेवटाला ज्याचं तो टेलवाला. तात्यांच्या मते जगात या दोनच जाती. "हेडवाल्याची तहान कधी भागत नसती," असं ते म्हणतात, आणि म्हणताना का कोण जाणे माझ्याकडे बघतात. नोकरी संपून कैक वर्षं झाली, पण टेल काही डोक्यातून गेलेलं नाही. गावात लाइट आली की मळ्यातल्या शेवटच्या वस्तीला फोन लावतात, "तुमच्याकडं आली का?" नसली आली, तर हे आपला पंखा बंद करून घामाघूम बसून राहतात. जणू त्या पंख्यानंच वाटेत वीज पिऊन टाकली होती.

मी त्यांचा शेजारी. आळेफाट्याला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एकदा बंद पडलेला प्रिंटर मी थाप मारून चालू केला, ते चारचौघांनी पाहिलं. तेवढ्या भांडवलावर गाव मला 'इंजिनेर' म्हणतं. मीही कुणाला दुरुस्त करायला गेलो नाही.

तात्यांच्या घरात दोन कॉम्प्युटर. एक पुढच्या खोलीत, तात्यांचा. त्यावर ते रोज सकाळी धरणाचा साठा बघतात. त्या पाण्याशी आता त्यांचा काही संबंध नाही, पण जुन्या सोबत्याची तब्येत विचारावी तसं बघतात. दुसरा, पुण्याच्या लेकीनं, सुरेखानं पाठवलेला, मागं स्वयंपाकघरात. तो त्यांच्या बायकोचा, हौसाकाकूंचा. काकू दर रविवारी अकरा वाजता त्याच्यावर मासवडी शिकवतात.

ज्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नुसता पदर दिसतो, त्या काकू. सुरेखाच्या मैत्रिणी, त्यांच्या जावा, एक तर थेट नागपूरची, अशा बायका पडद्यावर ओळीनं दिसायला लागल्या की काकूंचा आवाजच बदलतो. "पीठ हाटताना हात थांबवायचा नाय बायांनो. आनि वल्या फडक्यावर गरम गरमच थापायचं. गार झालं की ते तुमचं ऐकत नाय." ही हुकमत त्यांनी इतकी वर्षं कुठं ठेवली होती, देव जाणे.

नेटची वायर पुढच्या खोलीतल्या वाय-फायच्या यंत्रापर्यंत आलेली. तिथून मागच्या कॉम्प्युटरला बिनवायरीचं नेट द्यायचं काम इंजिनेरकडे आलं. मी एक बोटाएवढी वस्तू आणून काकूंच्या कॉम्प्युटरला खोचली, पडद्यावर जे पहिलं नाव दिसलं त्याला जोडलं, आणि बायका दिसायला लागल्या. काकूंनी पेढा दिला. तो खात मी घरी गेलो. पुढचा अर्धा तास काकूंचा पडदा कोरा. उलगडा मग झाला, की मी जोडलं होतं ते माझ्या खिशातल्या मोबाइलचं नेट. मी घरी निघालो, तसं काकूंचं नेटही माझ्या मागोमाग माझ्या घरी आलं होतं.

तात्या म्हणाले, "हेडवाला पानी घिऊन पळाला."

दुसऱ्या वेळी मी नीट जोडलं आणि तपासणीची पद्धतच घालून दिली. मी पुढच्या खोलीत यंत्रापाशी, तात्या मधल्या बोळात, काकू आत. मी यंत्र थोडं हलवायचं, तात्यांनी ओरडायचं, "टेलला पोचलं का?" आतून उत्तर, "पोचलं." मी डावीकडं सरकवलं, पोचलं. उजवीकडं, पोचलं. कपाटावर ठेवलं, तरी पोचलं. इतकी गुणी वस्तू मी पाहिली नव्हती.

रविवारी ऐन मासवडी वळताना चित्र अडकलं. काकूंचा हात हवेत, फडकं अर्धं उचललेलं. नागपूरची ती बाई बिचारी तशीच फडकं धरून उभी, आता पुढं काय म्हणून. तिचं पीठ गार झालं आणि मासवडी तडकली. संध्याकाळी सुरेखाचा मला फोन, "दादा, तू नक्की काय केलंस?" मी स्वयंपाकघराच्या जाड दगडी भिंतीवर ढकललं. मग पाण्याच्या पिंपावर ढकललं. फ्रिजवरही थोडं ढकललं.

काकू मात्र खचल्या. मला म्हणाल्या, "आता परत अडकलं तर बंदच करनार मी. लोकांच्या लेकींचं पीठ वाया जातंय माज्यापायी. सुरेखाला तसं सांगून टाकलंय."

पुढच्या रविवारी म्हणून मी आधीपासूनच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तीळ, खोबरं, लसणाचं सारण तयार होतं. काकूंनी पीठ थापायला घेतलं, आणि पडदा थिजला. सगळ्या बायका जागच्या जागी. एकीचं तोंड उघडं राहिलेलं.

पुढच्या खोलीतून तात्यांचा आवाज आला, "टेलला पोचलं का गं?"

काकूंनी त्या उघड्या तोंडाकडं बघत शांतपणे उत्तर दिलं, "पोचलं."

"काकू, अहो कुठं पोचलंय?" मी म्हणालो. माझ्या सगळ्या तपासणीचं काय झालं होतं, त्याचा आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडत होता.

"हळू बोल," काकू म्हणाल्या. "त्यांना लागून ऱ्हातं. मग जेवत नायत."

"म्हणून खोटं सांगायचं?"

त्या पिठावर ओला हात फिरवत राहिल्या. "आमचं रान चारीच्या पार टेलला. पाळीच्या दिवशी मी खोरं घिऊन बांधावर हुबी. हे वर गेटावर. ह्यांनी सोडलेलं इमानानंच, पन वाटेत वरचे चारी फोडून घ्यायचे. घरच्या रानाला घटकाभर जास्ती सोडा म्हनलं, तर ते ह्यांना जमायचं नाय. सांच्याला उंबऱ्यातनंच इचारायचे, पोचलं का? न्हाई म्हनलं की ताट बाजूला. मग मी म्हनायची, पोचलं."

"आणि रान?"

"रान काय बोलतंय व्हय." त्यांनी पडद्याकडं पाहिलं. "पन ह्या बाया बोलतील. बघ काय व्हतंय का."

मी पळालो. स्वयंपाकघराच्या बोळाकडच्या दगडी भिंतीत वरती, पूर्वी धूर जायला ठेवलेला झरोका होता. स्टुलावर चढून यंत्र वायरीसकट त्या झरोक्यात बसवलं. एवढ्या दिवसांत ते सुचलं नव्हतं, कारण मी पोचलं-पोचलं ऐकून खूश होतो. आत उघडं राहिलेलं तोंड मिटलं, आणि त्या बाईनं विचारलं, "काकू, आता फडकं उचलू?"

"उचला," काकू म्हणाल्या. पीठ अजून गरम होतं.

स्टुलावरून उतरलो तेव्हा तात्या दिसले. आपल्या कॉम्प्युटरसमोर हात मांडीवर ठेवून बसलेले. पडदा काळा. बटण बंद, शिवाय त्याची विजेची वायर भिंतीतून काढून शेजारी गुंडाळून ठेवलेली.

मला हसू आलं. "तात्या, लावा की. तुमच्यामुळं नव्हतं अडत ते, भिंत आडवी होती. आता दोन्हीकडं पुरतंय."

"असू दे. तिचं होऊन जाऊ दे आधी."

"अहो, पण काकू तर म्हणाल्या ना, पोचलं म्हणून?"

हे विचारायला नको होतं, पण जीभ वळवळली. तात्या काळ्या पडद्याकडंच बघत होते.

"ती तसंच म्हनती," ते म्हणाले. "गेटावरनं घरी यायचा रस्ता आपल्या रानाच्या कडंनीच व्हता, इंजिनेर. माजी सायकल रोज तिथनंच यायची."

आत काकू कुणाला तरी वडी कापताना सुरी ओली करायला सांगत होत्या.

वर्ग संपला. काकूंनी हाक मारली, "या जेवायला. तू पन ये रं." ताटं वाढलेली, रस्सा वाफाळलेला. तात्या उंबऱ्यात थांबले.

"पोचलं का?"

"पोचलं," काकू म्हणाल्या.

तात्यांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. मग ते पाटावर बसले आणि त्यांनी ताट पुढं ओढलं.