कठड्याला टेकू नये

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पहिल्या तारखेच्या आत भाड्याने गेल्या नाहीत, तर तिथे मेहुणा राहायला येणार होता. बायकोने हे स्वयंपाकघरात भांडी लावता लावता अगदी सहज सांगितलं, पण चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"दादा आता निवृत्त झालाय. एकटाच असतो. वर नुसत्या खोल्या धूळ खातायत," बायको म्हणाली.

"नुसत्या कुठे? भाडेकरू शोधतोच आहे ना मी!"

बायकोचा हा थोरला भाऊ माणूस वाईट नव्हता. कारखान्यात दुरुस्ती विभागात उभा जन्म गेलेला, हातात कसब होतं. पण त्याला दुपारी जेवण झाल्यावर ट्रंपेट वाजवायची सवय होती आणि वाजवून झाल्यावर चष्मेवाल्यांना सल्ले द्यायची. मागच्या खेपेला तो आठ दिवसांसाठी म्हणून स्वेटर घालून आला होता आणि पंखा फुल्ल करून बसायचे दिवस आल्यावर गेला. चष्मेवाल्यांना अजूनही कधीतरी झोपेत ट्रंपेट ऐकू यायचा.

अर्थात घाई झाली म्हणून कुणालाही खोल्या देऊन टाकायला ते तयार नव्हते. आधीच्या भाडेकरूंशी सगळं तोंडी ठरलं होतं आणि जाताना प्रत्येकाने काही ना काही मोडून ठेवलं होतं. विचारलं की एकच उत्तर, "हे आधीपासून असंच होतं." तेव्हा या वेळी करार भक्कम हवा, असं त्यांनी ठरवलं. दिवसभर दुकानात बसून लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणारा माणूस. घरात जे जे मोडण्यासारखं होतं, त्या प्रत्येकावर त्यांनी एकेक कलम लिहिलं. वकिलाने ते बाड हातात तोलून पाहिलं आणि म्हणाला, "मी एक पान म्हटलं होतं."

"एका पानात मावणारा माणूसच मला फसवून जातो," चष्मेवाले म्हणाले.

खोल्या बघायला नर्सबाई आल्या. रात्रपाळी करून थेट आल्या होत्या, तरी चेहरा शांत. एकटं बिऱ्हाड, कायमची नोकरी, आवाज हळू. चष्मेवाल्यांना वाटलं, देवच पावला. त्यांनी बाड उघडून खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"कलम चार. भाडेकरूने गॅलरीच्या कठड्याला टेकू नये."

"का हो, काका?"

"तसा मजबूत आहे. फक्त टेकायचं नाही. कलम पाच. नळ उघडावा, पण पूर्ण उघडू नये. कलम सहा. खाली घरमालकाकडे मिक्सर चालू असताना वर गीझर लावू नये. कलम सात. बाथरूमच्या दाराला आतून कडी लावू नये. त्याऐवजी आत असेपर्यंत मोठ्याने गाणं म्हणावं."

नर्सबाईंनी मान वर केली. "मला गाता येत नाही."

"पाढे म्हटले तरी चालतील."

"म्हणजे कडी बिघडलीय."

"छे, छे! बिघडली असती तर मी कलम कशाला लिहिलं असतं, कडीच बदलली असती. थांबा, दाखवतोच." आणि चष्मेवाले तडक बाथरूममध्ये शिरले, दार लावलं, खाडकन कडी घातली. "ऐकलंत? कशी बसली बघा!"

कडी बसली ती बसलीच. त्यांनी ओढली, ढकलली, तिच्याशी गोड बोलून पाहिलं. शेवटी तिची मूठ त्यांच्या हातात आली.

"काका, येताय ना बाहेर?"

"येतो, येतो. जरा आतलं बघतोय." आत अंधार होता. दिव्यासाठी त्यांनी चाचपडत बटण दाबलं, ते गीझरचं निघालं. खाली बायकोचा मिक्सर नुकताच घरघरायला लागला होता. फट् असा आवाज झाला आणि दोन्ही मजल्यांवरची वीज गेली. दचकून त्यांनी हाताला लागेल ते धरलं. तो नळ होता आणि तो पूर्ण उघडला.

"काका, दाराखालून पाणी येतंय!"

"कलम पाच!" आतून आवाज आला. "घाबरू नका. माझ्या बायकोला हाक मारा. गॅलरीतून ऐकू जाईल."

नर्सबाई गॅलरीकडे वळल्याचं पावलांवरून कळलं, तेव्हा मात्र चष्मेवाल्यांनी दारावर थापा मारल्या. "कठड्याला टेकू नका हो!" ते जिवाच्या आकांताने ओरडले.

बायको आली ती हातात उलथनं घेऊनच. तिने ते दाराच्या फटीत घातलं, एक हिसका दिला आणि दार उघडलं. "यात काय एवढं? खालचं दार अडकलं की तेही मी असंच उघडते," ती म्हणाली. चष्मेवाले नखशिखांत भिजून, एका हातात कडीची मूठ आणि दुसऱ्या हाताने चष्मा सावरत बाहेर आले. त्यांना इतकी लाज वाटत होती की परत आत जावंसं वाटलं.

नर्सबाईंनी कोरडा टॉवेल पुढे केला. "काका, जागा मला आवडलीय. दवाखाना जवळ आहे. पण एक करा. यातलं जे दुरुस्त कराल, त्याचं कलम खोडा. तशी सगळी खोडलीत की मी सही करते."

दुसरं कुणी असतं तर चष्मेवाल्यांनी त्याला दार दाखवलं असतं, अर्थात उलथन्याने उघडून. पण पहिली तारीख तोंडावर आली होती आणि मेहुण्याने बॅग भरायला घेतल्याची बातमी होती. सुतार आला, नळवाला आला, वायरमन आला. कठडा पक्का झाला, नवी कडी बसली. एकेक कलम गळत गेलं आणि बाडाचं खरोखरच एक पान उरलं. वकिलाने ते बघून दोनदा मान डोलावली.

सहीच्या वेळी नर्सबाईंनी पुन्हा बोट ठेवलं. "‘भाडेकरूने घरात वाद्य वाजवू नये.’ हे दोघांनाही लागू असं करू या?"

"घरमालकाला कसले नियम लावताय! आणि आमच्याकडे वाजवतंय कोण?" चष्मेवाले आता ऐटीत आले होते. शेवटचं कलम तर त्यांनी ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं. सही झाल्यावर करारात काना-मात्रेचाही बदल होणार नाही. "पुढे कुणी घोळ घालायला नको," ते म्हणाले. सह्या झाल्या. त्यांनी मेहुण्याला स्वतः फोन करून, आवाजात शक्य तितकं दुःख आणून सांगितलं, "काय करणार दादा, जागाच गेली हो!"

ते सुख रविवारपर्यंत टिकलं. रविवारी नर्सबाईंनी बायकोला वर चहाला बोलावलं. ती परत आली ती तडक खुर्चीत बसली.

"काय झालं गं?"

"कठड्याला टेकून उभी राहिले मी. चहा संपेपर्यंत. नळ पूर्ण उघडला. बाथरूमला कडी लावली नि गप्प बसले, गाणं न म्हणता. अहो, लग्न होऊन आल्यापासून या घरात मी नळ डाव्या हाताने बंद करतेय. मिक्सर लावायच्या आधी फ्रिज बंद करतेय. मोरीत शिरले की गातेय. शेजारणीला वाटतं, मला गाण्याची आवड आहे! तिला पहिल्या दिवशी सगळं नवं. माझा करार कधी करताय?"

चष्मेवाल्यांना खरंच वाईट वाटलं. बायको गाते ती आनंदाने, असं तेही इतकी वर्षं समजत होते. "करू गं," ते मनापासून म्हणाले. "सगळं दुरुस्त करू. तो सुतार..."

"सुताराला पुढच्या महिन्यापर्यंत वेळ नाही. विचारलं मी." बायकोने डोळे पुसले. "म्हणून दादाला फोन केला. त्याचा हात बसलाय या कामात. खालचं सगळं होईपर्यंत आपल्याच बैठकीत झोपेल म्हणाला. घाई करणार नाहीये, काम नीट हवं ना."

मेहुणा स्वेटर घालून आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं, एक बिजागरी बसवून झाली आणि ट्रंपेट सुरू झाला. चष्मेवाले करार घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाले. रात्रपाळीची बाई, झोपमोड होऊन संतापली असणार, या एकाच आशेवर. नर्सबाई गॅलरीत शांतपणे कपडे वाळत घालत होत्या.

"त्रास होतोय ना तुम्हाला?" चष्मेवाले धापा टाकत म्हणाले. "तक्रार करा ना! लगेच करा!"

"मला कसला त्रास? मी लहान मुलांच्या वॉर्डात असते, काका. त्यापुढे ही अंगाईच."

"मग ते वाद्याचं कलम तुम्ही म्हणाला होतात तसं करू या. दोघांनाही लागू. आत्ता लिहितो."

नर्सबाईंनी पान हातात घेतलं आणि शेवटच्या ठळक ओळीवर हळूच बोट ठेवलं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षरं तीच होती.

खाली ट्रंपेटने वरचा सूर पकडला. नर्सबाईंना त्यांची दया आली असावी.

"टेका ना, काका," त्या म्हणाल्या. "आता हलत नाही तो."