सहाव्या कपाचा इतिहास

करपलेल्या दुधाचा वास स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आला, नाकसाहेबांच्या वर्तमानपत्राभोवती एक फेरी मारून खिडकीतून निघूनही गेला, तरी नाकसाहेब शब्दकोडं सोडवत बसले होते. आंघोळ करून आलेल्या बायकोने धावत जाऊन आधी गॅस बंद केला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो, दुधाचा कोळसा झाला! नाक कुठे गहाण ठेवलंय?”

प्रश्न साधा होता, पण चुकीच्या माणसाला विचारला गेला होता. नाकसाहेब चहाच्या कंपनीत चाखणाऱ्यांचे प्रमुख होते. कुठला चहा कशात किती मिसळायचा, हे तीस वर्षं त्यांच्या नाकाने ठरवलं होतं, म्हणून तर सगळी कंपनी त्यांना नाकसाहेब म्हणायची. गेल्या महिन्यात साठी पूर्ण झाल्यावर मालकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “नाक आहे तोवर खुर्ची तुमची.”

आणि आज एका मोठ्या हॉटेलवाल्यांच्या खरेदी अधिकारी बाई पाच चहा चाखायला येणार होत्या. त्यांतून एक निवडला, की वर्षभराची ऑर्डर.

नाकसाहेबांनी कॉफीचा डबा हुंगला. काही नाही. साबण हुंगला. काही नाही. शेवटी मन घट्ट करून कालचा मोजा हुंगला. तोही निर्मळ निघाला, तेव्हा त्यांनी तो उलटा करून पुन्हा हुंगला.

“सर्दी झालीय. सुट्टी घ्या,” बायको म्हणाली.

“आज? वेड लागलंय का? चव काय, जिभेलाही कळते.”

“आपल्या लग्नात माझ्या माहेरच्या एकेकाला धरून तुम्हीच सांगत होतात ना, की जीभ फक्त गोड, आंबट, खारट, कडू एवढंच ओळखते, बाकीचं सगळं नाक करतं? नाक दाबलं तर सफरचंद कुठलं न् कांदा कुठला कळत नाही, असं?”

“ते सर्वसामान्य माणसांचं. माझी जीभ तयार आहे.”

बायकोने वाद घातला नाही. तिने त्यांना डोळे मिटायला लावले आणि तोंडात एक फोड ठेवली. नाकसाहेबांनी ती सावकाश चावली, मान डोलावली, आणखी दोन मागून घेतल्या. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी सर्दीच्या खात्यावर टाकलं.

“सफरचंद. थंड हवेतलं. जरा लवकर तोडलेलं.”

“कांदा,” बायको म्हणाली. “अर्धा संपवलात.”

आता पंचाईत दुहेरी झाली. चाखायच्या दिवशी कांदा, लसूण, अत्तर, सुवासिक साबण सगळं बंद, हा नियम नाकसाहेबांनीच केलेला. त्यांनी पुदिन्याच्या टूथपेस्टने तीनदा दात घासले. सर्दी उतरावी म्हणून बायकोने छातीला, पाठीला आणि हाताला लागेल तिथे बाम चोळला. अशा रीतीने कांदा, पुदिना आणि बाम एकावर एक चढवून नाकसाहेब ताठ मानेने घराबाहेर पडले. शिडीवर चढून दिवा बदलणारा माणूस त्यांचा वास येताच खाली उतरायचा थांबला, पण नाकसाहेबांना वाटलं, तो आदराने थांबलाय.

कंपनीत पोचताच त्यांनी शेवटचा उपाय म्हणून गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या. हाताशी आला तो चमचे धुवायचा स्टीलचा मग त्यांनी घेतला आणि बेसिनवर तसाच विसरला.

चहा चाखायची एक रीत असते. लांब टेबलावर पांढरे, बिनकानाचे कप ओळीने मांडायचे. प्रत्येकात एकेक कोरा चहा. चाखणाऱ्याने चमचाभर उचलायचा, लहानपणी आईने लावलेलं सगळं वळण विसरून जोरात ‘फुर्र’ करत ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि उंच पितळी भांड्यात थुंकायचा. मग चमचा न बघता मागे करायचा. मागून मदतनीस गरम पाणी घेऊन चालत असते, ती चमचा बुडवून परत हातात देते. आणि चव घेताना कुणीही मधे बोलायचं नाही. हाही नियम नाकसाहेबांचाच. त्यांचं स्वतःचं बोलणं अर्थातच त्यात धरलेलं नव्हतं.

मदतनीस तिशीची होती. दोन वर्षं ती त्यांच्या मागून पाणी घेऊन चालत होती आणि दोन वर्षं नाकसाहेब तिला सांगत होते, “नाक यायला वेळ लागतो, पोरी.” आज तिला चमचे धुवायचा तो स्टीलचा मग सापडेना. शेवटी तिने ओळीतल्यासारखाच एक पांढरा कप घेतला आणि त्यात पाणी भरलं.

दहा वाजता मालक खरेदीच्या बाईंना घेऊन आत आले. दार बंद झालं. बाईंनी पहिला चमचा ओढला आणि त्या थबकल्या.

“याला... म्हणजे मला असं वाटतं... किंचित कांद्यासारखी झाक आहे का?”

“आहे, आहे,” मालक लगेच म्हणाले.

नाकसाहेबांनी पहिला चमचा ओढला. गरम पाणी. नुसतं गरम, थोडं तुरट पाणी. पण तीस वर्षांचा चेहरा तीस वर्षांचा असतो.

“मातीची झाक म्हणायचं तिला,” ते शांतपणे म्हणाले. “बाई, हिरवा चहा आणि काळा चहा एकाच झाडाचा असतो, माहीत आहे? फरक नुसता पानावर काय काय केलं याचा.”

दुसऱ्या कपात बाईंना पुदिना लागला. नाकसाहेबांनी त्यांना पाण्यात बुडवायच्या चहाच्या पुडीची गोष्ट सांगितली. एका व्यापाऱ्याने म्हणे नमुन्याचा चहा छोट्या रेशमी पिशव्यांतून पाठवला, आणि गिऱ्हाइकांनी चहा बाहेर न काढता पिशवीच पाण्यात बुडवली. “लोकांच्या गाढवपणातून काय काय निघतं!” असं म्हणून ते मनापासून हसले. तिसऱ्या कपाला बाईंनी सरळ विचारलं, “तुम्हाला यांतला कुठला बरा वाटतो?”

“बाई,” नाकसाहेब म्हणाले, “एके काळी टोमॅटोचा सॉस औषध म्हणून गोळ्या करून विकायचे, कल्पना आहे?”

चौथा कप जांभळ्या गाजरांवर निघाला. पूर्वी गाजरं बरीचशी जांभळीच असायची, हे ऐकून मालक गाजराच्याच कपाला ‘वा’ म्हणाले. पाचवा कप संपतोय तोच नाकसाहेबांच्या नाकात काहीतरी हललं. ते भिंतीकडे वळले आणि रुमालात अशी शिंक दिली, की टेबलावरचे कप किणकिणले.

“पानाची धूळ,” ते भिंतीलाच म्हणाले.

इकडे मदतनिशीला आता बामाने श्वास घेववेना. तिने हातातला कप टेबलाच्या टोकाला, पाचव्याच्या शेजारी ठेवला आणि खिडकी उघडायला धावली. तीन माणसांचे चमचे पाचदा बुडून त्या पाण्याला छान सोनेरी रंग आला होता.

नाकसाहेब पाणावल्या डोळ्यांनी वळले. समोर सहावा कप. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही पोरगी आपली परीक्षा बघतेय! गुपचूप एक जास्तीचा चहा मांडलाय! त्यांनी पुढे होऊन चमचा भरला, फुर्र केलं, आणि नेमकी तेव्हाच दुसरी शिंक आली. ती दाबायला त्यांनी सगळा जीव एकवटला. एरवी फक्त चांगल्या चहालाच हलणारी त्यांची उजवी भुवई वर जायला लागली. गेली, गेली, तीस वर्षांत कधी गेली नव्हती इतकी वर गेली.

मालकांनी ती भुवई पाहिली आणि चमचा घेऊन झेप टाकली. “वा! वा! याला म्हणतात चहा!”

बाईंनीही ओढला. “हो, हा एकदम... मोकळा आहे.”

“हलका, पण सगळं आहे त्यात,” नाकसाहेब शिंक गिळून म्हणाले. त्या दिवशी समोरच्या कपाबद्दल त्यांनी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

मदतनीस खिडकीशी पुतळ्यासारखी उभी होती. बाईंनी उरलेला सहावा कप स्वतःच्या बाटलीत ओतून घेतला, “आमचं ऑफिस पलीकडेच आहे, साहेबांना चाखवते,” म्हणाल्या आणि मालकांबरोबर गेल्या.

“सर,” मदतनीस म्हणाली, “तो चमचे धुवायचा कप होता.”

नाकसाहेब हळूच स्टुलावर बसले.

“आणि आज सगळ्याच कपांना कांदा लागत होता, कारण तो तुमच्याकडून येत होता. बामही.”

“तू तेव्हाच का नाही बोललीस?”

“चव घेताना मधे बोलायचं नाही.”

नियम त्यांचाच होता. नाकसाहेबांना फार वाईट वाटलं, आणि ते नुसतं खुर्चीसाठी नव्हतं. इतकी वर्षं आपण या खोलीत राजासारखे वावरलो आणि आज स्वतःसकट तिघांना धुवण पाजलं, याची त्यांना शरम वाटली. पण त्यांचा एक गुण होता. चुकायचं तेही ठामपणे आणि कबूल करायचं तेही ठामपणे. “चल माझ्याबरोबर,” ते म्हणाले आणि बाई निघून गेल्यावर थेट मालकांच्या खोलीत शिरले.

“मालक, माझं नाक बंद आहे. सकाळपासून मला कशाचाही वास येत नाही. तुम्ही निवडलात तो चहा नव्हता, ते चमचे धुतलेलं पाणी होतं. खुर्ची आजपासून तुमची.”

मालक उठले. त्यांनी दार लावलं, कडी घातली, पुन्हा येऊन बसले.

“सकाळपासून ना?” ते हळू आवाजात म्हणाले. “मला अकरा वर्षं येत नाहीये. एक ताप आला होता. ताप गेला तो नाक घेऊन गेला.”

“म्हणजे? मग अकरा वर्षं तुम्ही...”

“तुमची भुवई बघतो.”

“आणि दर वेळी तिसऱ्या कपावरून माझ्याशी भांडता ते?”

“मालक आहे. काहीतरी बोलावं लागतं.”

 मग दोघांनी एकाच वेळी मदतनिशीकडे पाहिलं.

“तुला येतो वास?” मालकांनी विचारलं.

“येतो,” ती म्हणाली. “आत्ता थोडा कमी आला तर बरं होईल.”

तेवढ्यात फोन वाजला. मालकांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. पलीकडे खरेदीच्या बाई होत्या, आणि त्यांचा आवाज खुलला होता.

“आमच्या साहेबांनी अख्खी बाटली संपवली! म्हणाले, असा चहा दिवसातून दहा कप पिता येईल. सहा नंबरच द्या.”

मालकांनी फोनवर हात ठेवला. “जमेल?”

“पाचही सारखे घ्यायचे, पाणी भरपूर,” मदतनीस म्हणाली. “माप मी काढते. पण चव मी एकटी बघणार.”

“ठरलं. नाक हिचं, भुवई तुमची,” मालक नाकसाहेबांना म्हणाले. “पाहुणे आले की तुम्ही बसायचं आणि गाजरांचं सांगायचं. खुर्च्या दोन करू.”

नाकसाहेबांनी मान हलवली. छातीवरचा भार उतरला, की बाम लागू पडला, त्यांना सांगता येईना.

“हॅलो? अजून एक,” बाई म्हणत होत्या. “खरं सांगू, मला चहातलं काही कळत नाही, मी कॉफीवाली. तुमचे चेहरे बघून मी हो म्हटलं. पण आता मेन्यूकार्डावर याच्याबद्दल चार ओळी छापायच्यात. तुमच्या त्या साहेबांना विचारा ना, या चहाचा काही इतिहास आहे का?”

नाकसाहेबांच्या जिभेवर तीन इतिहास तयार होते. एकात राणी होती, एकात बुडालेलं जहाज, एकात डोंगरावरचा म्हातारा साधू. तिन्ही झकास होते आणि तिन्ही त्यांनी आत्ताच रचले होते. त्यांनी फोनकडे हात नेला. मग त्यांना रेशमी पिशव्या बुडवणारी ती गिऱ्हाइकं आठवली, ज्यांना ते तीस वर्षं हसत आले होते. आता त्यांच्या पंगतीत आपलंही पान मांडलं गेलंय, हे त्यांच्या लक्षात आलं. मांडलंच आहे तर जेवावं झालं.

“आहे इतिहास,” ते म्हणाले. “पण तो आमच्या या बाईंना माहीत आहे.” आणि त्यांनी फोन मदतनिशीकडे सरकवला.

“सर, खराखुरा सांगू?” तिने कुजबुजत विचारलं.

“खराखुरा.”

“माझं अकरा वर्षांचं सोडून,” मालक घाईघाईने पुटपुटले.

तिने घसा साफ केला. “एका कंपनीत चहाचे एक फार मोठे जाणकार होते. दिसायला रुबाबदार. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. एके दिवशी काय झालं, त्यांना सर्दी झाली...”

फोनमधून खुदकन हसू आलं. नाकसाहेबांनी कोपऱ्यातलं एक स्टूल जवळ ओढलं, हाताची घडी घातली, आणि ‘रुबाबदार’वर मान डोलावत म्हणाले, “हं. पुढे?”