भेगेचं बारसं

एका जंगलात, मुलांनो, बारसं झाल्याशिवाय कुठलंही संकट खरं मानत नसत.

पूर आला, की आधी त्याचं नाव ठरायचं. घुगऱ्या वाटल्या जायच्या. टिटवीआत्या पाण्याच्या कानात 'कुर्रर्र' करायची. मग पंचायत म्हणायची, "हां, आता बोला." तोवर पूर बहुतेक ओसरलेला असायचा. त्यामुळे पंचायतीवर सगळ्यांचा फार विश्वास होता.

तिथे टेकडीच्या उतारावर साळूताई नावाची साळिंदर राहायची. तिला दोन पिल्लं होती. एके सकाळी पिल्लं उठेचनात. बिळाचं छत इतकं खाली आलं होतं, की त्यांचे काटे वरच्या मातीत रुतून बसले होते.

साळूताईनं त्यांना ओढून सोडवलं. बाहेर येऊन पाहते, तर बिळावरच्या जमिनीला ही लांब भेग! ती तडक पंचायतीत गेली.

"हत्तीअण्णा, माझं घर खचतंय. ओढ्यापलीकडची गुहा रिकामी आहे. तेवढी मला द्या."

सरपंच हत्तीअण्णा म्हणाले, "देऊ की. पण काय होतंय म्हणालीस?"

"खचतंय."

"हे काय नाव झालं? उद्या पोर झालं, तर त्याचं नाव 'रडतंय' ठेवशील होय?"

सगळे हसले. साळूताईही थोडी हसली. काम तिचं होतं ना.

तेवढ्यात बगळेसर पुढे आले. ते शहरात राहून आले होते. तिथे इंजिनिअरांच्या कचेरीमागच्या डबक्यात त्यांनी एका पायावर पूर्ण वर्ष काढलं होतं.

"ह्याला," डोळे मिटून ते म्हणाले, "सबसिडन्स म्हणतात."

जंगल भारावून गेलं. एका म्हाताऱ्या रानडुकराच्या डोळ्यांत तर पाणी आलं.

"म्हणजे काय हो, सर?" साळूताईनं विचारलं.

"जमिनीच्या पोटातलं पाणी उपसलं, की वरची जमीन हळूहळू खाली बसते. तोच सबसिडन्स."

"अगंबाई! अण्णांच्या नव्या तलावासाठी माझ्या बिळाखालूनच पाणी उपसतात. मग उपसा थांबवा ना!"

हत्तीअण्णांनी नुसते कान हलवले. सर घाईघाईनं म्हणाले, "तो झाला अर्थ. अर्थ काय, कुणालाही कळतो. खरं अवघड असतं ते शब्द वापरणं. चुकीचा वापर करून बारसं केलं, तर शहरातले हसतील आपल्याला."

दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुरू झाला.

ससा उठून म्हणाला, "मला सकाळपासून भुकेचा सबसिडन्स झालाय."

"चूक. बसा."

माकड फांदीवरून धपकन पडलं आणि म्हणालं, "सर, हा माझा सबसिडन्स."

"चूक. तो हळूहळू व्हायला हवा."

माकड बिचारं पुन्हा वर चढलं आणि दुपारपर्यंत हळूहळू पडत राहिलं. त्याला शाबासकी मिळाली.

साळूताई रोज हात वर करायची. "सर, छत आज आणखी चार बोटं खाली आलं."

"वाक्यात सांगा."

"माझ्या घराला सबसिडन्स होतोय."

"वा! पण उच्चार करताना दात कमी दाखवा."

असे आठ दिवस गेले. पिल्लं आता काटे पाठीला चिकटवून, सरपटत झोपायला जात. त्यांना वर्गाला पाठवायला साळूताईला जमलंच नाही.

नवव्या दिवशी बारसं ठरलं. भेगेभोवती रांगोळी काढली. सगळं जंगल उतारावर दाटीवाटीनं उभं राहिलं. पिल्लं बिळात झोपली होती. टिटवीआत्यानं वाकून भेगेच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं.

नाव सांगितलं, की आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे, ही रीत. पण टिटवी केवढीशी! हत्तीअण्णांचा बुक्का बसला असता, तर बारशातच सुतक आलं असतं. म्हणून ठरलं, की पाठीऐवजी जमिनीवर पाय आपटायचे.

हत्तीअण्णांनी पाय उचलला. उरलेल्या तीन पायांखालची माती सरकली. साळूताईला ते दिसलं.

"खचतंय!" ती किंचाळली. "पळा!"

कोणी हललं नाही.

"ताई," बगळेसर दुखावून म्हणाले, "आठ दिवस शिकवलं मी तुम्हाला!"

पिल्लं मात्र अडाणी होती. त्यांना एवढाच शब्द कळला. ती बिळातून सुसाट निघाली, ती आईच्या मागोमाग थेट ओढ्यापलीकडे.

अण्णांचा पाय खाली आला. मग टेकडीच खाली आली.

धूळ बसल्यावर साळूताई कडेला येऊन डोकावली. पंचायत गळ्यापर्यंत मातीत होती. सगळे जिवंत होते.

"अण्णा, आता तरी गुहा द्याल ना?"

"कशी देऊ?" खालून अण्णा म्हणाले. "तुझा अर्ज खचणाऱ्या घराचा. घर आता खचत नाही. खचून झालं. आता खड्डा आहे, आणि त्याचं बारसं व्हायचंय."

"तुम्हाला दोर टाकू का?"

बगळेसरांनी चोचीतली माती थुंकली. "थांबा. आम्ही ज्यात पडलोय, त्याला आधी काय म्हणायचं, ते ठरू दे."

साळूताई गुहेत राहायला गेली. ती बेकायदा राहते, असं खड्ड्यातून रोज ओरडून सांगतात.

तात्पर्य : पायाखालची जमीन सरकू लागली, तर आधी तिला योग्य शब्द शोधावा. पळायला काय, अडाण्यालाही येतं.