सयाजीरावांनी कोथिंबिरीचा काटा केला

साऱ्या कोल्हापुरात नजरेनं वजन सांगणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, असं सयाजीराव छातीवर हात ठेवून सांगत. साखर कारखान्याच्या काट्यावर सारी नोकरी गेलेली. "ट्रॉली नजरंला पडली की आकडा तोंडात!" (आकडा समोरच्या डब्यावर लाल अक्षरांत उजळलेला असायचा, हेही तेच हळूच सांगत. खोटं बोलायचं नाही, फक्त उशिरा बोलायचं.)

त्या दिवशी थोरली बहीण अक्का मुरगूडहून नव्या सुनेच्या हातची कोथिंबीर वडी खायला यायची होती. अक्कानं एकदा तोंड उघडलं की भावकीत तेच कायम. केरबाच्या सुनेचा रस्सा एकदा खारट झाला. आज तिची पोरं शाळेत जातात, तरी ती अक्काच्या तोंडी 'खारी'च. त्यातून सासू चिमणाबाई माहेरी, आणि सून अनुजा मोबाईलमध्ये ग्रॅम बघून फोडणी घालणारी.

"आबा, स्वयंपाकाचा काटा चालत नाही हो! पाव किलो बेसनाला तीनशे ग्रॅम कोथिंबीर लिहिलीय. म्हणजे किती वाट्या?"

काटा चालणार कसा? त्याचे सेल सकाळपासून सयाजीरावांच्या खिशात होते. सुनेची जरा गंमत! आता ते गुपचूप बसवले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण नुकतेच बाजारातून कोथिंबिरीच्या पेंड्या घेऊन दारात आलेले सयाजीराव म्हणाले, "तुझ्या नवऱ्याचा, आदर्शचा, तो पोट मोजायचा काटा आण. कारखान्याची रीत दावतो. आदी भरल्याली ट्रॉली, मग रिकामी. वजाबाकी केली की माल!"

दोन पेंड्या छातीशी धरून ट्रॉली काट्यावर चढली. अठ्ठ्याहत्तर किलो.

"अहो आबा, चपला तरी काढा! काचेचा आहे तो."

सयाजीरावांनी पेंड्या खाली ठेवल्या, करकर वाजणारं जाडजूड कापशी पायताण काढलं आणि ते पुन्हा चढले. साडेशहात्तर.

"दीड किलो!"

चिरून झाली दहा वाट्या. म्हणजे वाटीला दीडशे ग्रॅम, आणि तीनशे ग्रॅमला दोन वाट्या. हिशेबात तसूभर चूक नाही.

"आबा, हाताला तर काहीच वजन लागत नाही."

"पोरी, वजन काट्याला लागतंय, हाताला न्हाय."

पाव किलो बेसनात दोन वाट्या कोथिंबीर पडली, आणि उरलेल्या आठ वाट्या परातीत बसून गंमत बघत राहिल्या.

अक्कानं वडी दाताखाली धरली. करकर आवाज झाला. तिनं जबडा चाचपून बघितला.

"झुणका थापून वाळत घातलावता व्हय? कोथमीर कुठं हाय?"

"तीनशे ग्रॅम हाय की," सयाजीराव म्हणाले.

"मग मला बघून लपली असंल."

अनुजाच्या डोळ्यांत पाणी. 'खारी'नंतर आता 'वाळकी' आली, हे तिनं ओळखलं. तिनं सगळं सांगून टाकलं, "अक्का, आबांनीच वजन केलं हो. आधी कोथिंबीर घेऊन चढले, चपला घालून. मग मी म्हटलं म्हणून चपला काढून..." आणि ती मध्येच थांबली.

सगळ्यांची नजर दाराजवळच्या पायताणाकडे गेली. सयाजीरावांना दरदरून घाम सुटला. तो पुसायला त्यांनी खिशातून रुमाल ओढला, तर दोन सेल टणटण करत घरंगळले ते थेट अक्काच्या पायाशी.

अक्कानं सेल उचलले, अनुजाच्या हातात दिले.

"डोळं पूस, पोरी. तुझ्या हाताला काय दोष न्हाय. भावकीत काय सांगायचं ते मी सांगते." मग ती भावाकडे वळली. "सया, आमचा ऊस तुझ्याच काट्यावर यायचा की रं. दर साली कमी भरायचा. रिकामी ट्रॉली काट्यावर आली की पायताण घालून तू बी वर चढून बसायचास व्हय?"